तीन वर्षांच्या बोलीवर बांधलेली नौका

ब्रिटिश नौदलाने 1942 मध्ये हलक्या विमानवाहू नौकांचा आराखडा मंजूर केला, तेव्हा त्यात एक अट गृहीत होती. या नौका युद्ध संपेपर्यंत, किंवा फार तर तीन वर्षे चालल्या तरी पुरे. या आराखड्यावरून एकूण 16 नौका मागवल्या गेल्या. त्यांतली एक 4 मार्च 1961 ते 31 जानेवारी 1997 अशी जवळजवळ 36 वर्षे भारतीय नौदलाच्या सेवेत होती. तिचे नाव विक्रांत.

मुंबईत विक्रांतचा विषय निघाला की बोलणे 1971च्या युद्धापासून सुरू होते आणि 2014च्या भंगार-लिलावाशी येऊन थांबते. त्याआधीचे कागद फारसे कोणी उघडत नाही. पण या नौकेची ताकद आणि तिची दुखणी, दोन्हींचे मूळ 1942च्या त्या आराखड्यातच आहे, असे मला ठामपणे वाटते.

डिसेंबर 1941 मध्ये 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन मोठ्या युद्धनौका मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडवल्या. विमानांचे छत्र नसलेला ताफा समुद्रात टिकत नाही, हे त्या दिवसानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पण मोठी, चिलखती विमानवाहू नौका बांधायला वर्षानुवर्षे लागत आणि ते काम मोजक्याच गोद्यांना जमे. म्हणून व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीच्या मदतीने वेगळी वाट काढली गेली. नौकेचा सांगाडा व्यापारी जहाजांच्या नियमांनी बांधायचा, म्हणजे युद्धनौकांचा अनुभव नसलेल्या गोद्यांनाही तो जमेल. चिलखत नाही, पाणतीराचा मार झेलणारी खास रचना नाही. चार बॉयलर, दोन पंखे, वेग सुमारे 25 नॉट. पहिला अंदाज 21 महिन्यांत नौका तयार होईल असा होता, तो पुढे 27 महिन्यांवर गेला. युद्ध संपण्यापूर्वी जेमतेम चार नौका पुऱ्या झाल्या आणि त्यांतल्या एकीलाही आघाडीवर लढायला मिळाले नाही.

सोळांपैकी शेवटच्या सहा नौकांत बदल केले गेले. येणारी विमाने जड असणार हे दिसत होते, म्हणून आधीची 15,000 पौंडांची मर्यादा वाढवून 20,000 पौंड वजनाचे विमान पेलेल अशी डेकची आणि विमान अडवणाऱ्या तारांची रचना केली गेली. या सहा नौकांचा गट 'मॅजेस्टिक' म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश नौदलासाठी मागवलेल्या या सहांपैकी एकही ब्रिटिश नौदलात रुजू झाली नाही. दोन ऑस्ट्रेलियाकडे गेल्या, दोन कॅनडाकडे. 'लेव्हायथन' अपुरीच राहिली आणि 1968 मध्ये मोडीत गेली. सहावी 'हर्क्युलिस', म्हणजेच पुढची विक्रांत. टाइन नदीवरच्या गोदीत 22 सप्टेंबर 1945 रोजी तिचे जलावतरण झाले, तेव्हा जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. मे 1946 मध्ये काम थांबले. त्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश नौका तयार होती. पुढची दहा वर्षे ती स्कॉटलंडमध्ये नुसती बांधून ठेवलेली होती.

जानेवारी 1957 मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत तिचे राहिलेले काम पुरे झाले, आणि या विलंबाचा फायदाही झाला. मधल्या दहा वर्षांत तिरकी धावपट्टी आणि विमानाला डेकवरून वेगाने फेकणारा, वाफेवर चालणारा कॅटापुल्ट हे दोन मोठे शोध लागले होते आणि ते दोन्ही या नौकेवर आले. कॅटापुल्टच्या चाचण्या तर याच आराखड्यातल्या 'पर्सिअस' या नौकेवर झाल्या होत्या. बेलफास्टला भारताच्या ब्रिटनमधल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते विक्रांत नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतम सिंह महिंद्रू तिचे पहिले कप्तान. 3 नोव्हेंबर 1961 रोजी ती मुंबईत आली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू होते. दीड महिन्यातच गोवामुक्तीची कारवाई झाली आणि विक्रांत त्या काळात अरबी समुद्रात गस्तीवर होती.

1965च्या युद्धात विक्रांत बुडवल्याचा दावा पाकिस्तानने केला होता. नौका त्या वेळी दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती, एवढ्या एका नोंदीने तो दावा निकालात निघतो. मात्र हीच नोंद नौदलाला पुढे अनेक वर्षे बोचत राहिली. देशातली एकुलती एक विमानवाहू नौका युद्धात बंदरातून हललीच नाही, हा सल होता. नौदलाच्या अधिकृत इतिहासाचे लेखक व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी 1971 मध्ये स्वतः ताफ्याच्या मोहिमांचे नियोजन पाहत होते. त्यामुळे त्यांचा ग्रंथ वाचताना हा साक्षीदाराचा आणि सहभागी माणसाचा लेख आहे, हे लक्षात ठेवावे लागते. तरी त्यातला तांत्रिक तपशील पक्का आहे.

जून 1970 मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेल्याचे आढळले. ते वेल्डिंगने बुजण्यासारखे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनकडून मागवले, पण 1971चे युद्ध त्यांच्यासाठी थांबणार नव्हते. मग दाब आणि पंख्यांचे फेरे कमी ठेवून नौका चालवायची असे ठरले. वेग 14 नॉटच्या आसपास आला. इथे थोडे थांबून विचार करायला हवा, कारण विमानवाहू नौकेच्या बाबतीत वेग कमी होणे म्हणजे फक्त उशिरा पोहोचणे नव्हे. विमान उडताना समोरून वारा लागतो आणि त्यातला मोठा वाटा नौकेच्या स्वतःच्या धावण्यातून येतो. शिवाय कॅटापुल्टला लागणारी वाफही त्याच बॉयलरांतून यायची. म्हणजे तड्यांनी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी कोंडी केली होती. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तरीही नौका समुद्रात काढली, आणि पूर्वेकडे पाठवली. पश्चिमेला पाकिस्तानच्या पाणबुड्या आणि विमाने होती. पूर्वेला हवाई विरोध तुटपुंजा होता. सर्व माहिती समोर ठेवली तर हा निर्णय भावनेचा नव्हता, हिशोबाचा होता.

तिच्या मागावर पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ आली आणि 3 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथेच बुडाली. 'राजपूत' विनाशिकेच्या माऱ्याने, असे भारताचे म्हणणे. स्वतःच्याच सुरुंगांनी, असे पाकिस्तानचे. यातले एकच खरे मानून दुसऱ्याला हसणे इतिहासात बसत नाही. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी खोटे संदेश पेरून गाझीला चकवल्याची हकिकत त्यांच्या आठवणींतून आली आहे, तेव्हा तिला आठवणींइतकेच वजन द्यावे. निर्विवाद एवढेच, की विक्रांत त्या वेळी विशाखापट्टणमला नव्हतीच, ती अंदमानकडे होती. 4 डिसेंबरला तिच्या सीहॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. रात्रीच्या मोहिमांत अलिझे विमाने होती. कमी वेग, थकलेले बॉयलर, तरीही उड्डाणे चालू राहिली.

पुढे सी हॅरियर विमानांसाठी कॅटापुल्ट काढून डेकच्या टोकाला चढण बसवली गेली. 1997 मध्ये निवृत्ती, मग मुंबईत तरंगते संग्रहालय, 2012 मध्ये तेही बंद. 2014 मध्ये लिलावात 60 कोटी रुपयांना विक्री, न्यायालयात हरलेली लढाई, आणि नोव्हेंबरपासून मुंबईतल्या दारूखाना भागात तोडकाम. 1942च्या त्याच आराखड्यातल्या, ब्राझील आणि अर्जेंटिनाकडच्या दोन नौका त्याआधीच गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडल्या गेल्या होत्या.

छापील इतिहासांत कप्तान, वैमानिक आणि ॲडमिरल नावानिशी भेटतात. तीन वर्षांच्या हिशोबाने बांधलेली नौका 36 वर्षे चालती ठेवणारे मुंबईच्या नौदल गोदीतले फिटर, वेल्डर, बॉयलरवाले मात्र फार क्वचित. त्यांच्यापैकी अनेकांची घरे आजही मुंबईत, ठाण्यात, कोकणात आहेत. तुमच्या घरात वडिलांचा किंवा आजोबांचा गोदीचा पास, कामाची वही, विक्रांतच्या डेकवरचा एखादा फोटो असेल, तर तो रद्दीत देऊ नका. मागे नाव आणि साल लिहा, आणि त्याची एक प्रत एखाद्या अभिलेखागाराकडे किंवा संग्रहालयाकडे पोहोचवा.