अल-जहरावी आणि पुन्हा चिकटणारी जखम

माझ्या खालाच्या पोटाचे ऑपरेशन झाले आणि दोन वर्षांनी पोटात कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी सांगितले, आतल्या व्रणामुळे आतडी एकमेकांना चिकटली आहेत. सोडवायची तर पुन्हा ऑपरेशन, आणि त्यानंतरही ती परत चिकटणार नाहीत याची हमी नाही. "मग कापायचं तरी कशाला?" खाला म्हणाली.

हा पेच फार जुना आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने डोळ्याला चिकटलेली पापणी कापून सोडवण्याची कृती दिली आहे. पण या उपायाने बरा झालेला कोणी आपल्याला आठवत नाही, हेही त्याने लिहून ठेवले. मेगेस नावाच्या शल्यचिकित्सकाचाही तोच अनुभव होता. पापणी दर वेळी पुन्हा चिकटे.

इ.स. १००० च्या सुमारास अंदलुसमध्ये, कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्जहरा येथील अल-जहरावी याने 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यातही ही पापणी आहे. हत्यार फार धारदार नको, असे तो बजावतो, कारण रुग्ण हलला तर डोळ्याला इजा होईल. पापणी सुटली की ती आणि डोळा यांच्यामध्ये मऊ कापड ठेवायचे. दोन ओल्या जखमा एकमेकींना भिडू द्यायच्या नाहीत.

अल-जहरावीने सगळेच पहिल्यांदा शोधले, असे संदेश आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ते खरे नाही. ग्रीक वैद्य पॉल याच्या ग्रंथातून त्याने पुष्कळ घेतले. पण त्याने ते हाताने करून पाहिले, हत्यारांच्या आकृत्या काढल्या, आणि बाराव्या शतकात तुलैतुला (टोलेडो) येथे जेरार्डने त्याचा लॅटिन अनुवाद केल्यावर युरोपचे सर्जन कित्येक शतके तो भाग वाचत राहिले. एवढे मोठेपण पुरेसे नाही का?

पोटात मात्र कापडाची घडी ठेवता येत नाही. तिथे परकी वस्तू उलटाच परिणाम करते. सर्जनच्या हातमोज्यांतील पावडरीच्या कणांमुळेही आतडी चिकटत. अमेरिकेने असे मोजे २०१७ मध्ये बंद केले. आता काही ऑपरेशनांत जखमेवर पातळ पापुद्रा पसरतात. पहिले काही दिवस तो पृष्ठभाग वेगळे ठेवतो आणि मग आतच विरघळतो. त्यानेही चिकटणे कमी होते, पूर्ण थांबत नाही.

खालाने दुसऱ्या ऑपरेशनला अजून होकार दिलेला नाही.