अंगणातील शिवनेरी

दिवाळीच्या सुटीत मुलांनी घराच्या अंगणात उभारलेला मातीचा किल्ला हा ऐतिहासिक निबंधाचा विषय होऊ शकतो, असे म्हटल्यास पुष्कळ वाचकांस ती थट्टा वाटेल. तथापि ज्या प्रांतात इतिहास घरोघर बोलला जातो, परंतु तो पडताळून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात, त्या प्रांतात मुलांच्या हातून वर्षानुवर्षे होत आलेली ही इतिहासाची मांडणी अगदीच उपेक्षणीय नाही. किंबहुना, कित्येक प्रौढ मंडळींस गडकोटांविषयी जे काही ठाऊक असते, ते त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षी चिखलात हात घालून मिळविलेले असते. पुढे त्यात फारशी भर पडलेली नसते.

किल्ला करण्याची रीत सर्वपरिचित आहे. विटा, दगड व मोडकी खोकी यांचा ढीग रचावयाचा, त्यावर गोणपाट पसरावयाचे, लाल मातीचा पातळ चिखल कालवून ते लिंपून काढावयाचे, आणि ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी पेरून द्यावयाची, म्हणजे वसुबारसेपर्यंत गडावर हिरवळ दिसू लागते. मग पायऱ्या, बुरूज, एखादी गुहा, वाटीभर पाण्याचे तळे, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. माथ्यावर सिंहासन, आणि सिंहासनावर शिवाजीमहाराज. येथवर सर्व ठीक आहे. पण अलीकडे अनेक ठिकाणी किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात. त्यांत नुसता ‘किल्ला’ करून भागत नाही, अमुक एका किल्ल्याची हुबेहूब प्रतिकृती करावी लागते, आणि तिच्यापुढे त्या किल्ल्याचे नाव लिहिलेली पाटी रोवावी लागते. प्रश्न उत्पन्न होतो तो या पाटीमुळे. पाटी लावली की मातीच्या ढिगाऱ्यावर सत्याची जबाबदारी येऊन पडते.

ज्या किल्ल्यांची नावे या पाट्यांवर वारंवार येतात, त्यांत शिवनेरीचे स्थान वरचे आहे. आणि जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत तर हे नाव घरचेच. जुन्नर शहरातील मुलाला मूळ किल्ला पाहण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. मान वर केली की तो समोर उभा असतो. असे असूनही त्याच शहरातील मातीची शिवनेरी पुष्कळदा पुण्यातील किंवा दादरच्या चाळीतील मातीच्या शिवनेरीसारखीच निघते: एक उंच सुळका, त्याभोवती वळसे घेत गेलेली वाट, आणि शेंड्यावर छत्रपती. या मांडणीत दोन चुका आहेत. एक भूगोलाची व दुसरी इतिहासाची. दुसरी अधिक गंभीर असल्यामुळे तिचाच विचार आधी करू.

महाराजांचा जन्म शिवनेरीवर शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. तो काळ फार वाईट होता. आदल्याच वर्षी जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव निजामशाहीत दगाफटक्याने मारले गेले होते; दक्षिणेवर मोगलांची स्वारी येऊ घातली होती; लवकरच मोठा दुष्काळही पडावयाचा होता. अशा समयी शहाजीराजांनी जिजाबाईंस या बळकट किल्ल्यावर ठेवले. पुढे निजामशाही बुडाली, १६३६ च्या तहाने शहाजीराजांस आपल्या हातचे किल्ले सोडावे लागले, आणि शिवनेरी मोगलांच्या ताब्यात गेली. यापुढील गोष्ट मात्र पाटी रोवणाऱ्या मुलांस बहुधा कोणी सांगत नाही. महाराजांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आलीच नाही. १६५७ च्या उन्हाळ्यात महाराजांनी जुन्नर शहरावर रात्री छापा घातला, दोरीच्या शिड्या लावून तटावरून आत प्रवेश केला, आणि ३ लक्ष होन व २०० घोडे हस्तगत केले असे सांगतात. पण त्या शहरावर पहारा करणारा किल्ला होता तेथेच, शत्रूच्या हाती राहिला. पुढे किल्ला घेण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. मराठ्यांच्या हाती तो आला १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर ३६ वर्षांनी.

सारांश, शिवनेरीच्या माथ्यावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती बसविणे म्हणजे जे कधी घडले नाही ते घडले म्हणून दाखविणे होय. यावर कोणी म्हणेल की, मुलांच्या खेळात एवढी चिकित्सा कशाला? मुलांचा भाव पाहावा. भाव आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या पुरुषाने तीनशेहून अधिक किल्ल्यांच्या राज्याचा कारभार पाहिला असे आपण अभिमानाने सांगतो, त्याला स्वतःचा जन्म झाला तो किल्ला मात्र अखेरपर्यंत मिळाला नाही, ही गोष्ट लपविण्याने त्याचा मान वाढतो काय? आमच्या मते ती गोष्ट कळल्यावरच १६५७ च्या त्या रात्रीचा अर्थ मुलाच्या ध्यानात येईल. शिड्या लावून तटावर चढणाऱ्या २७ वर्षांच्या त्या तरुणाच्या डोक्यावर अंधारात जो काळा कडा उभा होता, तो त्याच्या जन्मस्थानाचा होता.

आता भूगोलाकडे वळू. किल्ल्याची तंतोतंत प्रतिकृती करणे हा पोरखेळ आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे उदाहरण पाहावे. १६६८ च्या सुमारास, म्हणजे पुरंदरच्या तहात २३ किल्ले देऊन बसलेले महाराज ते परत घेण्याची तयारी करीत होते त्याच काळात, त्या राजाच्या लूव्हा नावाच्या युद्धमंत्र्याने सरहद्दीवरील दुर्गांच्या प्रतिकृती करविण्यास प्रारंभ केला. लाकूड, कागदाचा लगदा, रेशीम, वाळू असल्या साहित्याच्या या प्रतिकृतींत तट व बुरूज तर असतच, पण भोवतालची शेते, झाडे व घरेही असत. कारण तोफ कोठे लावावी आणि शत्रू कोठून आडोशाने येईल, हे ठरवावयाचे ते त्यांवरून. बहुतेकांचे प्रमाण ६०० स एक असे धरलेले होते. लढाईची गुपिते त्यांत असल्यामुळे त्या सर्वांस पाहावयास मिळत नसत. त्यांपैकी सुमारे १०० प्रतिकृती आजही शिल्लक असून पॅरिसमधील अँव्हालिद येथे त्यांचे संग्रहालय आहे.

हेच प्रमाण शिवनेरीस लावून पाहिले तर मौज होते. शिवनेरीचा डोंगर सुमारे एक मैल लांब व पायथ्याच्या मैदानापासून सुमारे १००० फूट उंच आहे. म्हणजे ६०० स एक या प्रमाणाने मातीचा किल्ला लांबीला जवळजवळ ९ फूट आणि उंचीला अवघा १ फूट ८ इंच झाला पाहिजे. अंगणातील सुळक्याशी याचे काहीच साम्य नाही. खरी शिवनेरी हा लांबट, सपाट माथ्याचा, दक्षिणेकडे रुंद व उत्तरेकडे निमुळता होत गेलेला डोंगर आहे. वरून पाहिल्यास तो शिवपिंडीसारखा दिसतो असे म्हणतात. पूर्वी हा आकार डोळ्यांपुढे आणण्यास चांगली कल्पनाशक्ती लागे. आता हातातील दूरध्वनीवर उपग्रहाने टिपलेले चित्र कोणासही क्षणात दिसते, त्यामुळे या बाबतीत चुकण्यास सबब उरलेली नाही. बाजारातील ३ इंचांचा मावळा या किल्ल्यावर उभा केला तर तो १५० फूट उंचीचा राक्षस ठरेल. खरा माणूस या प्रमाणात मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठा, एवढाच भरेल. आणि मोहरीचे दोन इंच वाढलेले रोप म्हणजे १०० फुटांचा वृक्ष! मावळे न ठेवता किल्ला करावा असे आम्ही म्हणत नाही. मावळ्यांवाचून दिवाळीचा किल्ला म्हणजे ओसाड रानच. पण हा हिशेब मुलाने एकदा कागदावर मांडावा. गडाच्या विस्तारापुढे माणूस केवढा, आणि एवढ्या विस्तारावर पहारा ठेवण्यास माणसे किती लागत असतील, हे त्या हिशेबात जितके स्पष्ट होते तितके आमच्या शाळांतील पुस्तकांत होत नाही.

उतारांचेही तसेच आहे. सह्याद्रीचा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला असल्यामुळे त्याला उभा कडा, मग तिरपी उतरण, पुन्हा उभा कडा असे टप्पे असतात. गोणपाटावर चिखल ओतला की हे सर्व टप्पे पुसले जाऊन डोंगराचा लाडू होतो. कडा करावयाचा तर फरशीचे किंवा विटेचे तुकडे उभे लावून ते उघडे ठेवावे लागतात. मग लक्षात येते की, शिवनेरीस तटबंदी फार थोड्या ठिकाणी आहे. जेथे निसर्गाने कडा तासून ठेवला आहे तेथे माणसाने भिंत घालण्याचा खर्च केलेला नाही. चढण्याची मुख्य वाट नैर्ऋत्येच्या अंगास. तिच्यावर एकामागून एक सात दरवाजे. महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा ही नावे उच्चारली तरी वाट कशी अडवीत नेली आहे ते कळते. जो मुलगा सातही दरवाजे करील व प्रत्येकाचे तोंड मागच्यापेक्षा वळवील, त्याला दुर्गशास्त्राचा पहिला धडा कोणी वेगळा शिकवावयास नको.

आणि पाणी. अंगणातील किल्ल्यात पाण्याचे तळे बहुधा पायथ्याशी असते, कारण तेथे वाटी पुरणे सोपे. शिवनेरीचे मर्म याच्या अगदी उलट आहे. तिचे पाणी माथ्यावर आहे: गंगा-जमुना ही कातळात खोदलेली बारमाही टाकी, त्यापलीकडे बदामी तलाव, आणि इतर कित्येक टाकी. धान्यासाठी अंबरखाना. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात जुन्नरास आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने लिहून ठेवले आहे की, १००० कुटुंबांस ७ वर्षे पुरेल इतकी सामग्री गडावर होती. असा किल्ला वेढा घालून घेता येत नाही. महाराजांचे प्रयत्न का फसले, याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या माथ्यावरील टाक्यांत आहे. शिवाय डोंगराच्या अंगात बौद्ध लेणीही कोरलेली आहेत. तेव्हा प्रतिकृतीतील गुहेत कापसाचा वाघ बसविण्यापूर्वी, या गुहा कोणी व कशासाठी कोरल्या असा प्रश्न घरातील वडील माणसांनी मुलांस विचारावयास हरकत नाही.

सांप्रत शहरांतून प्लास्टरचे तयार किल्ले विकत मिळतात. बिऱ्हाडास अंगण नाही, माती मिळत नाही, वेळ नाही, ही कारणे खरी आहेत, व तयार किल्ला आणणाऱ्या आईबापांस दोष देण्याची आमची इच्छा नाही. पण विकतचा किल्ला कोणत्याच किल्ल्यासारखा नसतो. जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आले, त्यांत शिवनेरी आहे. त्या दिवशी सर्वांनी आनंद केला, तो योग्यच होता. ज्या शहरात चौदाव्या लुईच्या दुर्गप्रतिकृती जतन केलेल्या आहेत, त्याच शहरात हा निर्णय व्हावा हाही एक योग म्हणावयाचा. परंतु एखादी वास्तू यादीत जाणे आणि तिचा आकार पोरांच्या बोटांत उतरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात या खेळाचा एक वेगळाच उपयोग होण्यासारखा आहे. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले ते आंबेगाव आज नकाशावरील नावापुरतेच उरले आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले व ते गाव जलाशयात गेले. त्या जलाशयास त्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. तालुक्याचे कामकाज घोडेगावाहून चालते. उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे जुन्या बांधकामाचे अवशेष उघडे पडतात. शिवनेरी कितीही चुकीची केली तरी मूळ किल्ला साक्षीस उभा आहे. आज ना उद्या कोणी चूक सुधारील. बुडालेल्या गावाचे तसे नाही. पेठ कोठून कोठवर होती, देऊळ कोणत्या तोंडाचे होते, नदीवर उतरण्याची वाट कोणाच्या परसातून जाई, हे सांगणारी माणसे आता वृद्ध झालेली आहेत. एखाद्या दिवाळीत त्या खोऱ्यातील मुलांनी किल्ल्याऐवजी ते गाव मातीत मांडले, आणि आजोबांस ओट्यावर बसवून घरे बरोबर जागी लागली की नाही हे विचारले, तर त्या मांडणीचे मोल बक्षीस मिळविणाऱ्या कोणत्याही शिवनेरीपेक्षा कमी ठरू नये. तिचे एक छायाचित्र मात्र अवश्य काढून ठेवावे. माती भाऊबीजेनंतर टिकत नाही.

राहता राहिला महाराजांच्या मूर्तीचा प्रश्न. सिंहासनावरची मूर्ती शिवनेरीवर नको असे म्हटल्यावर, तिच्याऐवजी काय, असे मुले विचारणारच. उत्तर किल्ल्याच्या रचनेतच आहे. माथ्यावर, बदामी तलावाच्या अलीकडे, जन्मस्थानाची दुमजली इमारत करावी, व तिच्या खालच्या दालनात एक पाळणा ठेवावा. शिवाईचे देऊळ वाटेवर असू द्यावे. गडाच्या पायथ्याशी पूर्वेच्या बाजूस जुन्नर शहराचा तट घालावा, त्याला दोऱ्याच्या दोन-तीन शिड्या लावाव्या, आणि घोड्यावर बसलेली महाराजांची मूर्ती त्या तटाबाहेर, किल्ल्याकडे तोंड करून उभी करावी.