डाऊन सिंड्रोम : वाढ व आरोग्यविषयक संशोधन

पेशींमध्ये २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असल्यामुळे जन्मतःच आढळणारी स्थिती म्हणजे डाऊन सिंड्रोम. सैल स्नायू, बौद्धिक विकासाचा मंद वेग आणि कमी उंची ही तिची ठळक लक्षणे. हृदय, थायरॉइड, कान, डोळे, रक्त आणि रोगप्रतिकारशक्ती यांवरही तिचा परिणाम होतो. मूल खुजे राहिले किंवा सुस्त दिसले, की ‘हे सिंड्रोममुळेच’ असे म्हणून पुढचा तपास थांबवण्याची सवय वैद्यकात खोल रुजली होती. ती मोडणे हे या क्षेत्रातील संशोधनाचे सर्वांत मोठे फलित होय.

इंग्लंडमधील अर्ल्सवुड येथील संस्थेचे वैद्यकीय अधीक्षक जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या स्थितीचे वर्णन केले. तिचे कारण मात्र १९५९ मध्ये उजेडात आले. पॅरिसच्या ट्रूसो रुग्णालयात मार्थ गोतिए यांनी तुटपुंज्या साधनांवर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली होती. त्यासाठी लागणारा रक्तद्रव मिळावा म्हणून त्यांनी कोंबडा पाळला आणि मानवी रक्तद्रवासाठी स्वतःचेच रक्त काढले. तेथे वाढवलेल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे दिसली. शोधनिबंधावर पहिले नाव सहसंशोधक जेरोम लेज्युन यांचे होते, गोतिएंचे दुसरे, आणि तेही चुकीचे छापलेले. पुढची कित्येक दशके श्रेय लेज्युन यांच्याकडेच राहिले. गोतिएंवर झालेला हा अन्याय कोणत्याही कोशात नोंदवलाच पाहिजे.

वाढीच्या अभ्यासातून असे दिसले, की ही मुले जन्मतःच थोडी लहान असतात, पहिल्या तीन वर्षांत ती अधिक मागे पडतात आणि वयात येतानाची उंचीची झेपही तोकडी असते. स्वीडनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढ उंचीची सरासरी पुरुषांत १६१.५ सेंमी. व स्त्रियांत १४७.५ सेंमी. आढळली. सर्वसाधारण मुलांच्या आलेखावर अशा मुलाचा ठिपका बहुधा तळच्या रेषेच्या आसपास किंवा खालीच पडतो आणि त्यावरून फारसे काही कळत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठीच्या स्वतंत्र आलेखावर तोच ठिपका पन्नासाव्या पर्सेंटाइलजवळ असू शकतो. सहा महिन्यांनी तो पंचविसाव्याच्या खाली घसरला, तर थायरॉइड, सीलिएक आजार किंवा हृदयदोष शोधायला हवा हे डॉक्टरांच्या चटकन लक्षात येते.

अमेरिकेत असे आलेख १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील मोजमापे जुन्या काळातली होती. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी ६३७ मुलामुलींच्या मोजमापांवरून २०१५ मध्ये नवे आलेख दिले. त्यांत तीन वर्षांखालील मुलांचे वजन पूर्वीपेक्षा स्पष्टपणे सुधारलेले दिसले आणि मुलगे उंच झालेले आढळले. गुणसूत्रे तीच असताना वाढ बदलली, म्हणजे जुन्या खुजेपणातला काही भाग टाळता येण्यासारखा होता. भारतीय मुलांची मोजमापे चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत दीर्घकाळ घेतली गेली आहेत. वजनाबाबत एक सावधगिरी हवी. या व्यक्तींमध्ये स्थूलता पुष्कळ आढळते आणि स्वतंत्र आलेखात ती ‘सामान्य’ म्हणून दडून जाते. त्यामुळे दहा वर्षांनंतर बीएमआय सर्वसाधारण आलेखावरच तपासणे योग्य.

सुमारे निम्म्या अर्भकांना जन्मजात हृदयदोष असतो. बाळ वरून ठणठणीत दिसले, छातीत आवाज ऐकू आला नाही, तरी टू-डी इको केला पाहिजे. फुफ्फुसांतील रक्तदाब वाढून बसला की शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे मृत्यूसमयीचे मध्यक वय १९८३ मध्ये २५ होते, १९९७ मध्ये ते ४९ झाले. भारतात २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष दोन्ही आहेत.

थायरॉइडची कमतरता ओळखणे विशेष कठीण असते. बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, मंदपणा, खुंटलेली उंची ही तिची लक्षणे सिंड्रोमच्या लक्षणांत मिसळून जातात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता जन्मतः, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्तातील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. झोपेतील श्वासरोधाचेही तसेच आहे. आईवडिलांना घोरणे ऐकू आले नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही, त्यामुळे चौथ्या वर्षापर्यंत झोपेची चाचणी करून घ्यावी. रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण या मुलांत जास्त असते, तर बहुतेक घन गाठींच्या कर्करोगांचे कमी. या दुसऱ्या गोष्टीकडे संशोधक मोठ्या उत्सुकतेने पाहतात.

आयुर्मान साठीच्या आसपास पोहोचल्यावर अल्झायमर हा मोठा प्रश्न बनला. डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतील अमायलॉइड प्रथिन आणि अल्झायमरच्या रुग्णांमधील प्रथिन एकच असल्याचे ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले आणि संबंधित जनुक २१ व्या गुणसूत्रावर असावे असा अंदाज बांधला. १९८७ मध्ये तो खरा ठरला. तरीही अमायलॉइडविरोधी औषधांच्या मोठ्या चाचण्यांतून या व्यक्तींना वगळण्यात आले, हे समर्थनीय नाही. चाळिशीपासून त्यांच्या स्मृतीची व दैनंदिन कामांची नियमित तपासणी सुचवली जाते. विसरभोळेपणा दिसला तरी आधी थायरॉइड, नैराश्य, श्वासरोध आणि ऐकू येणे तपासावे लागते, कारण यांवर उपचार आहेत.