निमविषारी म्हणजे किती विषारी?

लहानपणी गावी हरणटोळ दिसला की आजोबा आम्हाला डोकं झाकायला लावायचे. तो टाळूवर डसतो म्हणे. पुढे सापांच्या पुस्तकात वाचलं, हरणटोळ निमविषारी. विष सौम्य, आणि विषाचे दात जबड्यात मागे, त्यामुळे ते नीट रुततही नाहीत. मग काय, आजोबांवर मी भरपूर हसून घेतलं. आजची गोष्ट अशाच मागच्या दातांवर विसंबलेल्या एका माणसाची आहे, आणि हा माणूस नवशिका नव्हता.

२५ सप्टेंबर १९५७, शिकागो. फील्ड म्युझियममधले सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट, वय ६७. शहरातल्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाने ओळख पटवायला आफ्रिकेतला एक साप पाठवला होता. अडीच फुटांचं पिल्लू. दिसायला बूमस्लँग, म्हणजे आफ्रिकेच्या सवाना गवताळ प्रदेशात झाडांवर राहणारा साप. पण बूमस्लँगचा शेपटीच्या मुळाशी असलेला खवला दुभागलेला असतो, याचा अखंड होता. एवढ्याशा खवल्यावरून चर्चा रंगली. श्मिटनी साप उचलला, पण मानेपासून जरा लांब धरला. तो वळला आणि अंगठ्याला चावला. मागचा एकच दात घुसला, जेमतेम तीन मिलिमीटर.

मोठ्या बूमस्लँगचं विष जीव घेऊ शकतं, हे तेव्हा माहीत होतं. पण हे पिल्लू, त्यात एकच दात! श्मिटनी वही काढली आणि स्वतःला काय होतंय ते टिपायला सुरुवात केली. ट्रेनने घरी जाताना मळमळ. संध्याकाळी दुधात भिजवलेले टोस्ट. मग थंडीताप, हिरड्यांतून रक्त. सकाळी बरं वाटलं. अंडी, टोस्ट, कॉफी असा व्यवस्थित नाश्ता केला, तोही वहीत लिहिला, आणि म्युझियमला फोन करून कळवलं की मी उद्या कामावर येतोय.

या विषाची खोड इथेच आहे. नागासारखं ते लगेच हिसका दाखवत नाही. ते आधी रक्तात बारीक गुठळ्या करायला लावतं. त्यात रक्त गोठवणारे घटक संपतात, आणि मग शरीरात आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. याला तासन् तास लागतात. त्या वेळात माणूस नाश्ता करतो, फोन करतो. दुपारी तीनच्या सुमारास श्मिट गेले. शवविच्छेदनात फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, सगळीकडे रक्तस्राव सापडला. त्यांच्या नोंदी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाल्या.

मला चटका लावते ती पुढची गोष्ट. १९७५ साली जर्मनीत रॉबर्ट मेर्टेन्स हे तितकेच नावाजलेले सर्पतज्ज्ञ स्वतः पाळलेल्या सापाच्या चाव्याने गेले. तोही आफ्रिकेतल्या सवानाचाच, वाळक्या काटकीसारखा दिसणारा, मागे दात असलेला. मेर्टेन्स अठरा दिवस झुंजले, आणि तेही रोज लिहीत होते. बूमस्लँगवर निदान प्रतिविष तरी आहे, या काटकीसापावर आजही नाही.

त्याच कोरड्या गवताळ भागात मागचे दात असलेले रेती सर्पही सळसळत असतात. त्यांच्या चाव्याने दुखतं, सूज येते, बहुतेक वेळा तेवढंच. दात तिघांचेही मागेच. आजोबा आता नाहीत, नाहीतर ही वहीची गोष्ट मी त्यांनाच आधी सांगितली असती.