दंतकृमीपासून जिवाणूविषापर्यंत : दंतमूळ संसर्गाच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना :
'दाताला कीड लागली' हा मराठीतील नित्याचा वाक्प्रयोग एका प्राचीन समजुतीचा अवशेष आहे. वैजापूरसारख्या ग्रामीण तालुक्यातील अध्यापकांनाही तो विद्यार्थ्यांच्या बोलण्यात आढळतो. दात दुखण्याचे कारण माणसाने कसकसे शोधले, याचा थोडक्यात आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन विचार :
सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात मुखरोगांचे वर्णन आहे. तेथे 'कृमिदंतक' हा काळा, छिद्रयुक्त, हलणारा, स्रवणारा व तीव्र वेदना देणारा दात म्हणून सांगितला आहे. 'दंतनाडी' म्हणजे दंतमुळाशी होणारा नाडीव्रण स्वतंत्रपणे नोंदविलेला आहे. लक्षणांचे निरीक्षण अचूक होते. कारण मात्र डोळ्यांना दिसणारे नव्हते. महाराष्ट्राच्या खेड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'कीड पाडण्याची' प्रथा याच समजुतीतून रूढ झाली.

जिवाणूंचा शोध :
लेव्हेनहुक याने १६८३ मध्ये दातांवरील थरातील सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. १७२८ मध्ये फ्रेंच दंतवैद्य फोशार याने दंतकृमीची कल्पना अमान्य केली. बर्लिनमध्ये कार्यरत असलेल्या मिलर याने १८९० मध्ये मुखातील सूक्ष्मजीवांवर ग्रंथ प्रसिद्ध केला व १८९४ मध्ये रोगट दंतगरातील जिवाणूंची नोंद केली. तथापि, ज्ञानाचा अतिरेकही झाला. १९१० मध्ये इंग्रज वैद्य विल्यम हंटर याने माँट्रियल येथील व्याख्यानात दातांतील पूयदोष अनेक व्याधींच्या मुळाशी असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या काही दशकांत वाचवता येण्याजोगे असंख्य दात उपटले गेले.

विष आणि लक्षणे :
१९६५ मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांवर निर्णायक प्रयोग केला. जंतुविरहित उंदरांचा उघडा पडलेला दंतगर भरून आला. सामान्य उंदरांचा मात्र मृत होऊन गळू झाले. १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी दंतमूळनलिकेत प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचे प्राबल्य दाखविले. यांपैकी अनेकांच्या बाह्यावरणातील लायपोपॉलिसॅकराइड हेच 'अंतर्विष' होय. जिवाणू मेल्यावरही ते उरते. त्यामुळे शरीरातील रक्षक पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात; परिणामी सूज येते, चावताना कळ येते व मुळाच्या टोकाभोवतीचे हाड झिजते. १९७५ मध्ये शाइन व शिल्डर यांना लक्षणे असलेल्या दातांत हे विष लक्षणरहित दातांपेक्षा अधिक आढळले.

येथे एक बाब लक्षणीय आहे. दंतगर मृत झाला की ठणका अनेकदा आपोआप थांबतो. धुरी, लवंग वा वेदनाशामक गोळी यांना मिळालेले श्रेय पुष्कळदा या मृत्यूचेच असते. रक्तपुरवठा तुटलेल्या नलिकेत पोटातून घेतलेले प्रतिजैविकही पोहोचत नाही. म्हणून नलिका स्वच्छ करून बंद करणे वा दात काढणे, हेच खरे उपाय ठरतात.

समारोप :
मराठवाड्यात १९८२ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. उपचाराची सोय आली, तरी 'दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले' ही समजूत टिकून आहे. वेदना थांबणे आणि रोग संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच या इतिहासाचा बोध होय. तो वर्गापर्यंत पोहोचविणे ही केवळ विज्ञानाच्या नव्हे, तर इतिहासाच्या अध्यापकाचीही जबाबदारी आहे.