जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी हे वाचा : लिनक्सची कोणती आवृत्ती कोणासाठी?

पेण / रोहा : विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली, त्या घरगुती कॉम्प्युटरना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. विंडोज ११ टाकायची तर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर या अटींत बसत नाहीत.

पेण-रोह्यात गणपतीचा कारखाना असो, शाळा असो की झेरॉक्सचं दुकान, असे कॉम्प्युटर अजून कामात आहेत. मशीन चालू असतं, पण अपडेट बंद झालं की नव्या व्हायरसपासून पुरेसं संरक्षण उरत नाही. मग नवीन घ्यायचा का? त्याआधी एक बिनपैशाचा पर्याय आहे, लिनक्स. अडचण एवढीच की लिनक्स एक नाही, शेकडो आहेत.

लिनक्स म्हणजे नेमकं काय?

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली तयार करायला घेतली. १९९१ मध्ये फिनलंडचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने त्याच धर्तीचा गाभा नव्याने लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तोच लिनक्स. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतो, म्हणजे लिनक्स तुम्ही रोज वापरताच.

पेणहून कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात आणि तिथले कारागीर आपापल्या पद्धतीने रंगवतात. मूर्ती एकाच साच्यातली, पण रंगकाम, डोळे, दागिने वेगळे. लिनक्सचंही तसंच आहे. गाभा एकच, पण त्यावर स्क्रीनची मांडणी, प्रोग्रॅम आणि अपडेटची सोय प्रत्येक गट वेगळी देतो. या तयार संचाला 'डिस्ट्रो' म्हणतात.

मुख्य आवृत्त्यांची तुलना

डेबियन : १९९३ पासून चालत आलेली, बाकी अनेकांची मूळ. नवीन गोष्टी उशिरा येतात, पण एकदा बसवली की सहसा बिघडत नाही. एका आवृत्तीला सुमारे ५ वर्षं अपडेट मिळतात. खूप जुन्या ३२ बिट कॉम्प्युटरवर बसणारी शेवटची आवृत्ती डेबियन १२. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ तिथे बसत नाही. नवख्या माणसाला बसवायला थोडी अवघड.

उबुंटू : डेबियनवरून २००४ मध्ये तयार झाली. वापरणारे भरपूर, त्यामुळे अडचण आली तर उत्तर लगेच सापडतं. दर ६ महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण घ्यायची ती 'एलटीएस' लिहिलेलीच. ती दोन वर्षांतून एकदा येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. एप्रिल २०२४ मधल्या २४.०४ ला २०२९ पर्यंत मुदत आहे. मात्र ४ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर रडत चालते.

लिनक्स मिंट : उबुंटूवरून बनवलेली, २००६ पासून. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, म्हणजे विंडोजची सवय असलेल्याला परकं वाटत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तिच्या तीन रूपांपैकी 'एक्सएफसीई' सर्वांत हलकं आणि २ जीबी रॅमवरही चालतं. पहिल्यांदा लिनक्स वापरणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

लुबुंटू : उबुंटूचं हलकं भावंडं, जुन्या मशीनसाठी. मात्र एलटीएस असली तरी अपडेट ३ वर्षंच.

फेडोरा : सगळ्यात ताजं हवं असलेल्यांसाठी. एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट, म्हणून दुकान-कारखान्याच्या कामाला सोयीची नाही.

बॉस : केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेने डेबियनवरून बनवलेली, २००७ पासून. भारतीय भाषा हा तिचा मुख्य हेतू. केरळात शाळांसाठी उबुंटूवरून वेगळी प्रणाली बनवली आहे आणि तिथली मुलं त्यावरच कॉम्प्युटर शिकतात.

मराठी चालतं का?

चालतं. युनिकोड मराठी वाचता येतं, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड सेटिंगमधून चालू करता येतात. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस फुकट मिळतं. पण श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेल्या फाइल, तो फॉन्ट नसेल तर, भलतीच अक्षरं दाखवतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कोणी घाई करू नये?

सेवा केंद्रात आधारचं अंगठ्याचं मशीन, सहीसाठी डिजिटल टोकन किंवा हिशोबाला टॅली असेल तर थांबा. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि अंगठ्याच्या बहुतेक मशीनचे ड्रायव्हर विंडोज किंवा अँड्रॉइडचेच असतात. ऐन दाखल्यांच्या गर्दीत मशीन ओळखलंच नाही तर लोक परत जातील. अशा ठिकाणी एक विंडोज ११ चा कॉम्प्युटर ठेवावा आणि जुना फक्त टायपिंग, इंटरनेट, प्रिंटसाठी लिनक्सवर न्यावा. प्रिंटरही आधी तपासा. काही लगेच चालतात, काही चालतच नाहीत.

आधी पेन ड्राइव्हवर चालवून बघा

लिनक्सची मोठी सोय ही की बसवल्याशिवाय बघता येतं.

१. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

२. अधिकृत वेबसाइटवरूनच फाइल उतरवा. मिंटची फाइल सुमारे ३ जीबी असते. फोनच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात बसत नाही, म्हणून वायफाय असेल तिथून घ्या.

३. रुफस किंवा बलेना एचर या फुकट प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढवा आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा.

४. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासा. पेन ड्राइव्हवरून थोडं हळू चालतं, ते धरून चालायचं. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जशीच्या तशी राहते.

५. बसवायचं ठरलं तर आधी फोटो, ऑर्डरच्या वह्या, बिलं यांची दुसरीकडे कॉपी काढा. बसवताना 'इरेज डिस्क' निवडलं की जुनं सगळं जातं, परत येत नाही. पावसाळ्यात लाइट जाते-येते, म्हणून डेस्कटॉपवर हे काम यूपीएस असल्याशिवाय करू नका.

थोडक्यात

४ जीबी रॅम आणि विंडोजची सवय असेल तर मिंट. २ जीबी रॅमवर मिंटचं एक्सएफसीई किंवा लुबुंटू. ३२ बिटचं जुनं मशीन असेल तर डेबियन १२. नाव कोणतंही निवडा, दोनच प्रश्न आधी विचारा : अपडेट किती वर्षं मिळणार आणि आपलं रोजचं काम यावर होणार का?