रोजगार हमी : हक्क कोणाचा, भार कोणावर?

न्याय्य अर्थव्यवस्थेने दारिद्र्य निर्मूलनासाठी काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेच्या रूपाने दिले. काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची कृपा नसून त्याचे बंधन आहे, हे या योजनेचे मूलतत्त्व होय.

कल्पना आणि कायदा

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख असला, तरी ते केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याला कायद्याचे रूप देण्याची कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची. १९७२ च्या दुष्काळात लाखो कुटुंबे रस्ते, पाझर तलाव आणि खडी फोडण्याच्या कामांवर जगली, तेव्हा तिची निकड सर्वांनाच पटली. १९७७ मध्ये संमत झालेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत ते द्यावे, अन्यथा बेकारी भत्ता द्यावा, अशी त्यात तरतूद होती.

पैसा कोठून आला?

योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरी नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम दुष्काळी गावातील मजुराच्या हाती पडू लागली. त्यात राज्य सरकारनेही तितकीच भर घालावयाची होती. मात्र, या कराची वार्षिक कमाल मर्यादा घटनादुरुस्तीने १९८८ मध्ये २,५०० रुपये ठरली आणि त्यानंतर ती वाढलेली नाही. परिणामी, महाराष्ट्रात दरमहा ३० हजार रुपये मिळविणारा कारकून आणि तीन लाख मिळविणारा अधिकारी दोघेही सारखाच कर भरतात.

हमीच्या मर्यादा

१९८८ मध्येच मजुरीचे दर मोठ्या प्रमाणात वाढले; पण त्यानंतर कामांवरील उपस्थिती घटली. मजुरी वाढली, तरी पुरेशी कामे काढली नाहीत, तर हमी कागदावरच राहते, हा त्याचा धडा. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही कल्पना देशभर नेली; मात्र, कामाचे दिवस कुटुंबामागे वर्षाला १०० इतके मर्यादित केले. अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले. पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला आणि केंद्राच्या निधीलाही राज्यनिहाय मर्यादा आली.

तेव्हा केवळ दिवसांची संख्या पाहून हमीचे मोल ठरत नाही. मागणी वाढेल तसा निधी वाढतो का, काम न दिल्यास भत्ता खरोखर मिळतो का आणि अधिक कमावणारा अधिक भार उचलतो का, या तीन कसोट्यांवर ती तपासावी लागेल.